दाजींचे त्रैराशिक

संतांनी नरदेह दुर्लभ ठरविला, वैद्यांनी तो नाशवंत ठरविला आणि विवाह जुळविणाऱ्या मध्यस्थांनी प्रसंगानुसार त्याचे चढते-उतरते भाव काढले. परंतु एखाद्या भल्या गृहस्थाच्या उजव्या गुडघ्याची किंमत रुपयांत काढून, तीवर साडेसात टक्क्यांनी सरळव्याज लावून, खाली सहीशिक्क्यानिशी ती त्याच्या पदरात घालण्याचे धैर्य मोटार अपघात दावा न्यायाधिकरणावाचून कोणी दाखविलेले नाही. या न्यायाधिकरणाच्या ठायी दोष असा काढायचाच तर एवढाच, की त्याच्या पायरीपर्यंत जाणारी वाट ट्रकच्या चाकाखालून जाते.

आमचे दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, या वाटेने जाऊन आले. फलटणच्या बाजूस एका गावी त्यांचे किराणा मालाचे दुकान आहे. मे महिन्याच्या तीस तारखेस, सकाळच्या प्रहरी, स्कूटरच्या पुढ्यात गुळाच्या दोन ढेपा घेऊन ते लोणंदहून परतत असता, लोणंदच्याच बाजारात कांदा भरून निघालेला एक ट्रक त्यांच्या पाठीमागून आला, आणि पुढे निघून जाण्याऐवजी त्यांना बरोबर घेऊनच रस्त्याकडेच्या चारीत उतरला. पोलिसांच्या परंपरागत गद्यानुसार चालक 'आपल्या ताब्यातील ट्रक भरधाव वेगात, अविचाराने, हयगयीने व रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून' चालवीत होता. या चारांपैकी एखाद्या दुर्गुणाची सूट देऊन महाराष्ट्रात कोणा चालकाची फिर्याद लिहिली गेल्याचे माझ्या वाचनात नाही. दाजींच्या उजव्या मांडीचे हाड मोडले, गुडघ्याची वाटी फुटली, आणि गूळ मात्र, आक्का आजही आश्चर्याने सांगते, ढेपांच्या ढेपा शाबूत राहिला.

गावकऱ्यांच्या माणुसकीविषयी मला किंतु नाही. त्यांनी प्रथम दाजींना उचलून जीपमध्ये घातले, आणि मगच कांद्याकडे वळले. परंतु कांदा टनावारी होता, पिशव्या घरोघरी होत्या, आणि तासाभरात चारीत सालपटांखेरीज काही उरले नाही. त्याचा परिणाम असा झाला की पुढे साक्षीदार शोधण्याची वेळ आली तेव्हा त्या सकाळी तेथे हजर असलेला एकही इसम त्या सकाळी तेथे हजर नव्हता. कारण अपघात पाहिला म्हणावे तर कांद्याचे काय झाले, हा पुढला प्रश्न ओघानेच आला असता. अखेर पंच म्हणून मिळाले ते एक चहावाले व एक पंक्चरवाले. त्यांच्या समक्ष जमादारांनी टेप धरून घटनास्थळाची मोजमापे घेतली आणि एखाद्या जमिनीचे खरेदीखत लिहावे तशा चतुःसीमा नोंदल्या: पूर्वेस चहाची टपरी, पश्चिमेस मजकूर इसमाची बाभूळ, दक्षिणेस डांबरी सडक, उत्तरेस चारी व तीत ट्रक, 'तोंड लोणंद बाजूस'. फलटणकडे निघालेल्या ट्रकचे तोंड लोणंद बाजूस कसे झाले, या प्रश्नावर पुढे दोन तारखा खर्ची पडल्या.

ट्रकची रवानगी पोलीस ठाण्याच्या आवारात झाली, जेथे असे मुद्देमाल झालेले ट्रक आणि टेम्पो आपापल्या चाकांवरून हळूहळू खाली बसत असतात आणि त्यांच्या खिडक्यांतून वेली बाहेर डोकावतात. हे दृश्य पाहिले की मला इंग्रजांच्या एका जुन्या प्रथेची आठवण होते. त्यांच्याकडे कित्येक शतके असा दंडक होता की मनुष्याच्या मृत्यूस जी वस्तू कारण झाली, मग ते गाडीचे चाक असो वा माजलेला बैल, ती वस्तूच गुन्हेगार ठरवून देवाच्या नावे जप्त करावी आणि तिची किंमत राजाच्या खजिन्यात भरावी. देव आणि राजा यांच्यामध्ये पुढे या रकमेचा हिशेब कसा मिटत असे, याविषयी इतिहासकार मौन पाळतात. मृताच्या बायकामुलांना यातून दमडी मिळत नसे, कारण माणसाचे मरण ही न्यायालयात नुकसान म्हणून सांगण्याजोगी गोष्टच नव्हे, असे तेथील न्यायमूर्तींनी 1808 साली ठरवून टाकले होते. पुढे आगगाडी आली आणि तिच्या मालकांच्या ध्यानी आले की उतारू जायबंदी करणे महाग पडते, तोच ठार करणे फुकट पडते. हा हिशेब इतका सोयीस्कर होता की तो फार दिवस टिकणे शक्य नव्हते. 1846 साली पार्लमेंटाने वारसांना दाव्याचा हक्क दिला आणि त्याच वर्षी चाकाला व बैलाला दोषमुक्त केले. आपल्याकडे बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली 1853 साली आणि तसाच कायदा आला 1855 साली, यावरून साहेब हिंदुस्थानात आगगाडी आणताना तिच्याबरोबर काय काय आणावे लागेल याचा अंदाज बाळगून होता, असे म्हणावे लागते. मोटारींसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे मात्र स्वराज्यात, 1956 च्या दुरुस्तीने आली. दाजींचा ट्रक चार-सहा आठवड्यांत सुपुर्दनाम्यावर सुटून पुन्हा कांदा वाहू लागला. दाजी तोवर पलंगावर होते.

आता वकीलसाहेबांकडे. माणूस सज्जन, टेबलावर गणपती, गणपतीपुढे फायली आणि फायलींमागे वकीलसाहेब. हल्लीच्या कायद्याने सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल व्हावयाचा असल्याने दाजींना कुबड्यांसह रिक्षात घालून मी तेथे नेले. वकीलसाहेबांनी कोऱ्या कागदावर 'अर्जदार' असे लिहून खाली रेघ ओढली आणि विचारले, "महिन्याची मिळकत किती?"

दाजींनी गेल्या तीस वर्षांच्या सवयीने हात जोडले. "कसली मिळकत सायेब! भागतंय कसंबसं. उधारीच वसूल व्हत न्हाई."

वकीलसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. "हे बघा दाजी, इथून पुढं असं बोलायचं नाही."

या दाव्यांतली मौज सारी येथे आहे. व्यापारी मनुष्याचे आयुष्य आपण किती थोडके मिळवितो हे जगाला पटविण्यात जाते. भावंडांना पटवायचे, सोयऱ्यांना पटवायचे, वर्गणी मागावयास आलेल्या मंडळाच्या पोरांना पटवायचे, आणि मुख्य म्हणजे आयकर खात्याला पटवायचे. दाजींची मिळकत प्रतिवर्षी अडीच लाखांच्या करपात्र उंबरठ्यापर्यंत येई आणि तेथे पायताणे काढून नम्रपणे बाहेर उभी राही. महागाई वाढली, दुकानावर माडी चढली, थोरली इंजिनियर झाली, परंतु दोन लाख चाळीस हजारांचा तो आकडा एखाद्या एकपत्नीव्रत पुरुषासारखा ढळला नाही. आता त्याच दाजींना सांगावयाचे होते की आपण महिना साठ हजार मिळवीत होतो आणि त्या ट्रकने ते हिरावून नेले. अर्जात तसे लिहिले गेले. खाली प्रतिज्ञेवर सही करताना दाजींचा चेहरा, त्यांच्या बाजूने साक्ष देण्यास मी बांधलेला असूनही सांगतो, गुन्हेगाराचा झाला होता.

दुसरा प्रश्न वयाचा. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली सरला वर्मा खटल्यात एक कोष्टक घालून दिले आहे. वार्षिक नुकसानीस कोणत्या वयाला कितीने गुणावे, याचा हा गुणक होय: पंधरा ते पंचवीस वर्षांच्या माणसास अठरा, आणि तेथून तो उतरत उतरत पासष्टीपुढील वृद्धास पाचांवर येऊन थांबतो. त्यापूर्वी कायद्याला जोडलेली एक अनुसूची होती, पण तिच्यातले गुणाकारच चुकलेले असल्याचे न्यायालयालाच 1996 साली दाखवून द्यावे लागले. दाजींना हे कळले तेव्हा, दुकानात असली पट्टी नोकराने केली असती तर त्याला आपण काय म्हणालो असतो, ते त्यांनी मला सांगितले, ते येथे छापण्याजोगे नाही. असो. सेहेचाळीस ते पन्नास वर्षांना गुणक तेरा, आणि एक्कावन्नला पाऊल टाकताच अकरा. शिवाय 2017 च्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या मिळकतीत भावी वाढीपोटी जे धरावयाचे, ते चाळीस ते पन्नास वयास शेकडा पंचवीस आणि त्यापुढे साठीपर्यंत शेकडा दहा.

दाजींच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1973 आहे. महाराष्ट्रात एका पिढीची अर्धी प्रजा 1 जून रोजी जन्मली, याचे कारण ग्रहमानात नसून हेडमास्तरांच्या लेखणीत आहे: जूनमध्ये शाळा भरे, पोराला पुरी वर्षे भरलेली हवीत, आणि आईबापांना तारीख ठाऊक नसे. म्हणजे कागदोपत्री अपघात झाला तो दाजींच्या एक्कावन्नाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी. वकीलसाहेबांनी हे पाहिले आणि त्यांच्या मुखावर जे तेज आले ते मी पूर्वी केवळ लॉटरीच्या दुकानापुढे पाहिले होते. त्यांनी तेथल्या तेथे त्रैराशिक मांडले. वार्षिक दोन लाख चाळीस हजार जरी धरले आणि मिळविण्याची शक्ती शेकडा वीस गेली असे मानले, तरी तीस मे रोजी धडकल्यास सात लाख ऐंशी हजार. तोच ट्रक एक जूनला आला असता तर पाच लाख ऐंशी हजार आठशे. "दोन दिवसांचे एक लाख नव्व्याण्णव हजार दोनशे," वकीलसाहेब म्हणाले, आणि अज्ञात चालकाच्या वक्तशीरपणाविषयी क्षणभर त्यांच्या मनात कृतज्ञता दाटून आली असावी.

विघ्न एकच होते, आणि ते दाजींच्या घरी ओसरीवर बसून जपमाळ ओढीत होते. दाजींच्या मातोश्री येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकास सांगत की हा माझा लेक बहात्तरच्या दुष्काळातला; मी नऊ महिन्यांची पोटुशी, रोजगार हमीच्या खडीवर बसलेले आणि सुकडी खाऊन याला जन्म दिला. हे कथन अत्यंत हृदयद्रावक होते, आणि वकीलसाहेबांच्या मते त्याची किंमत सुमारे दोन लाख रुपये होती. म्हातारीला निकाल लागेपर्यंत तालुक्याच्या गावी आणू नये, अशी त्यांनी ताकीद दिली.

ट्रकचा मालक परराज्यातला. त्याच्या नावचे समन्स 'सदर इसम दिल्या पत्त्यावर राहत नाही' अशा शेऱ्यानिशी नियमाने परत येई, आणि त्याच्याविरुद्ध काम एकतर्फी चालले. खरी गाठ पडली ती विमा कंपनीशी. त्या कंपनीची कैफियत मी साद्यंत वाचली आहे आणि नकाराच्या वाङ्मयात तिला वरचे स्थान आहे असे माझे मत आहे. असा अपघात झालाच नाही; झाला असल्यास आमच्या ट्रकने झाला नाही; आमच्याच ट्रकने झाला असल्यास चालकाचा परवाना वैध नव्हता; वैध असल्यास चूक अर्जदाराची होती; अर्जदाराची नसल्यास त्यास इजा झाली नाही; इजा झाली असल्यास ती पूर्ण बरी झाली आहे. परिच्छेद एक नाकबूल, परिच्छेद दोन नाकबूल, आणि दाजींच्या वडिलांचे नाव ज्या परिच्छेदात होते तोही पुराव्याअभावी नाकबूल. हे ऐकून मातोश्रींना जे वाटले असते त्याचा विचार करता त्यांना घरी ठेविले हे एका परीने बरेच झाले.

साक्षीपुराव्याच्या दिवशी दाजी पिंजऱ्यात उभे राहिले, म्हणजे खुर्ची मागून बसले. कंपनीचे वकील तरुण, गोड बोलणारे. त्यांनी आयकराची विवरणपत्रे पुढे केली, दाजींकडून सही ओळखवून घेतली, तीस निशाणी पडू दिली, आणि मग विचारले, "म्हणजे दाजी, तुम्ही सरकारला खोटं सांगितलंत, की कोर्टाला खोटं सांगताय?"

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या किती व्यापाऱ्यांनी किती कोर्टांत ऐकला असेल, आणि बहुतेकांची जीभ येथे टाळ्याला चिकटते. दाजींनी मात्र, दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की ते ज्या शांतपणे उत्तर देतात त्याच शांतपणे सांगितले, "सायेब, सरकार मागाय आलं हुतं. कोर्ट द्याय बसलंय."

न्यायाधीशमहाराजांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. हे उत्तर रोजनाम्यात आले नाही. परंतु मिळकत वार्षिक दोन लाख चाळीस हजारच धरली जाणार, हे त्या क्षणी ठरून गेले.

मग पाय आला. जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाने पायाचे अपंगत्व शेकडा पस्तीस दिले होते. पण अवयवाचे शतमान निराळे आणि मिळविण्याच्या शक्तीचे निराळे, असे 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार खटल्यात समजावून दिले आहे. डावा हात गेला तर सुताराचे वा मोटारचालकाचे जवळपास सर्वस्व जाते, परंतु सरकारी कारकुनाची नोकरी जाण्याचे कारण नाही, असे उदाहरणही न्यायालयाने दिले आहे, आणि सरकारी कचेरीत ज्याने खेटे घातले आहेत तो यावर वाद घालणार नाही. मग किराणा दुकानदाराला पाय किती लागतो? कंपनीचे वकील म्हणाले, हा गृहस्थ सकाळपासून रात्रीपर्यंत गादीवर बसतो. तराजूला हात लागतो, पाय लागत नाही. मागच्या बाकावर दाजींची पाचसात गिऱ्हाइके बसली होती. तराजूला हात लागतो, या विधानास त्यांनी इतक्या मनःपूर्वक माना डोलावल्या की दाजींनी वळून त्यांच्याकडे पाहिले. आमच्या वकिलांनी साखरेची पोती, माळ्यावरचे तेलाचे डबे आणि शिडी पुढे आणली, आणि शेवटी शेकडा वीसवर निभावले.

या उद्योगात सगळ्यांची नाती उलटी होतात. जे आपले, ते आपण किती निकामी झालो हे शपथेवर सांगतात. आणि परका कंपनीचा वकील भर कोर्टात आपल्या प्रकृतीची, चिवटपणाची आणि कर्तबगारीची अशी वाखाणणी करतो की घरच्यांनी कधी केली नसेल. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरांनी 'सुधारणा समाधानकारक' असे लिहिले, तेव्हा आक्काने देवापुढे साखर ठेवली आणि वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. एकदा दुकानात एक अनोळखी गृहस्थ काडेपेटी घ्यायला आला आणि जाता जाता "काय, कसं काय आता?" म्हणाला. दाजी म्हणाले, "बरं हाय की!" दुसरे काय म्हणणार? तिरडीवर बांधला तरी आमच्याकडचा माणूस याहून निराळे उत्तर देणार नाही. तो गृहस्थ कंपनीचा तपासनीस निघाला आणि ते 'बरं हाय' त्याच्या अहवालात तारीखवार येऊन बसले.

वेदना व यातना यांचे एक सदर असते, आणि जीवनातल्या सुखास मुकल्याचे दुसरे. कोणत्या सुखास मुकलात, असे विचारता दाजी फार वेळ गप्प राहिले. बहुधा सुखे आठवीत असावेत. मग म्हणाले, पंगतीत मांडी घालून बसता येत नाही, टेबलावर वाढतात, आणि टेबलाशी जेवलेले अंगी लागत नाही. आणि दुसरे, माउलींची पालखी लोणंदला आली की ते तेथून पंढरपुरापर्यंत चालत जात, ते राहिले.

"पंढरपूरला एस.टी. जाते ना?" तरुण वकिलांनी विचारले.

"जाती की. इठोबा कायबी म्हनत न्हाई," दाजी म्हणाले. "गाववाले म्हनत्यात."

यावर पन्नास हजार मिळाले, आणि माझ्या मते सबंध निवाड्यात योग्य किंमत लावली गेली ती एवढ्याच कलमाला.

आक्काची गोष्ट थोडी निराळी. चार महिने रात्रंदिवस तिने दाजींचे सारे केले, तेव्हा शुश्रूषेपोटी काही रक्कम मागितली होती. कंपनीने म्हटले, ही पत्नीच होय, तिने ते केलेच असते. गृहिणीच्या कामाला पैशांत मोल असते हे न्यायालयांनी फार उशिरा ओळखले. जमशेदपूरच्या 1989 च्या आगीत मेलेल्या स्त्रियांच्या बाबतीत, लता वाधवा खटल्यात, 2001 साली ते महिना तीन हजार रुपये धरण्यात आले. आक्काला यातले काही ठाऊक नव्हते. तिला विचारले तेव्हा ती कंपनीच्या वकिलांकडे पाहून म्हणाली, "तुमी एक रात येऊन बसा त्यांच्यापाशी, आन् मग भाव सांगा." दाजींनी मान खाली घातली. रक्कम मंजूर झाली. घरी आल्यावर आक्काने तिला महिन्यांनी भागले, मग दिवसांनी भागले, आणि भांडी घासणाऱ्या बाईच्या पगाराशी ताडून पाहून ती दोन दिवस दाजींशी बोलली नाही. दाजींनी यात काय केले होते हे मला अद्याप उमगलेले नाही.

निवाडा झाला, अपिलाची मुदत टळली, आणि कंपनीने व्याजासह रक्कम न्यायाधिकरणात भरली. त्यातली निम्मी राष्ट्रीयीकृत बँकेत तीन वर्षांसाठी मुदतबंद ठेवण्याचा हुकूम झाला, कारण गरीब अर्जदार हाती आलेला पैसा उधळतो असा न्यायालयांचा अनुभव आहे. ज्याने तीस वर्षांत गुळाच्या ढेपेचा कागद टाकून दिला नाही त्या दाजींना हे काळजाला लागले. पण खरा आघात पुढेच होता. उरलेला धनादेश घेऊन हिशेब जुळवू लागले, तो काही हजार कमी. चौकशीअंती कळले की कंपनीने व्याजावर, तेव्हाच्या शिरस्त्याप्रमाणे, आयकर कापून परस्पर खजिन्यात भरला आहे. ज्या खात्यास दाजींनी उभ्या जन्मात उंबरा ओलांडू दिला नाही, ते मोडलेल्या गुडघ्यातून आत शिरले होते.

"परत मिळतो," कर-सल्लागाराच्या कचेरीतला पोऱ्या म्हणाला, "नवीन विवरणपत्र भरावं लागेल." त्याने संगणकावर रकाना उघडला, बोटे कळफलकावर ठेविली आणि विचारले, "वर्षाची मिळकत किती लिहू, दाजी?"

दाजींनी कुबडी भिंतीला टेकवली, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आदी सांग, ह्ये मागाय बसल्यात का द्याय?"